हातचा

ओहोटीचं वेळापत्रक स्वयंपाकघरात टांगलेलं असतं,
मिठाच्या बरणीशेजारी.
आज पाणी सहा-दहाला उतरेल.
पावणेसहाला आम्ही बांधावर, एकेचाळीस बाया,
गॅलिसियातली ही एवढीशी खाडी,
रबरी बूट, दंताळी, बादल्या,
आणि दोसिंदाचा खोकला, जो सगळ्यांच्या आधी पोचतो.

माणशी तीन किलो तिसऱ्या. एवढंच.
समुद्र उदार असला तरी तीन,
भाव चढला तरी तीन,
नाताळात माद्रिदची हॉटेलं फोन करकरून दमली तरी
तीन.
जी पितळी कडीतून निसटते ती परत चिखलात.
कडी माझ्या गळ्यात असते. मी हिशेबनीस.

मंगळवारी सान्तियागोहून एक तरुण आला.
नाव ब्रेइशो, बूट कोरडे.
त्याने दहा वर्षांच्या वह्या चाळल्या,
रकान्यावरून बोट खाली खाली सरकवत नेलं
आणि विचारलं, अगदी सौम्यपणे,
दवाखान्यात विचारतात तसं:
"वाढ कुठाय?"

मी चष्मा पुसला.
म्हटलं, वाढ चिखलाखाली आहे,
नखाएवढी.
झोपलीय. आवाज करू नकोस.

त्याने लिहिलं: शून्य.

बरं. शून्य तर शून्य.
पण एकदा वाढ आमच्याकडेही येऊन गेली.
मी अठ्ठावीसची होते, ते जहाज फुटलं तेव्हा.
किनाऱ्यावर गुडघाभर डांबर.
खानावळी भरल्या, हातमोज्यांचे ट्रक आले,
खडक खरवडायची रोजंदारी मिळाली आम्हाला,
तिसऱ्यांच्या दुप्पट.
त्या वर्षीचा आलेख अजून कचेरीत लावलाय,
कसा उभा चढलाय, बघ.
मी ती रक्कम जमेच्या बाजूला लिहिली.
लिहावीच लागते.
एर्मिंदा रात्री तीनतीनदा अंग घासायची नि रडायची,
ते कुठल्या बाजूला मांडायचं
कोणी सांगितलं नाही.

तुमच्या शाळेत बेरीज शिकवतात का रे अजून?
सात नि आठ पंधरा. पाच मांडायचे,
हातचा एक.
आमचं सगळं त्या हातच्यावर चाललंय.
दोसिंदा दोन महिने अंथरुणाला खिळली, तिचे तीन किलो
रोज कुणीतरी उपसले, पाळीपाळीने.
चोरट्यांसाठी रात्रीची राखण, एक टॉर्च, एका थर्मासात सहाजणींची कॉफी.
वादळाने आणून टाकलेलं शेवाळ ओढणं, बिनपैशाचं.
उत्तरेचा पट्टा वर्षभर तसाच सोडलेला,
त्याला श्वास घेता यावा म्हणून.
हे वहीत नाही.
हातचा वहीत लिहीत नाहीत, तो बोटांवर असतो.
म्हणून तुमची बेरीज चुकते.

लोक म्हणतात, या बाया हातचं राखून काम करतात.
हो.
नेमकं तेच.

पण खोटं कशाला बोलू.
गेल्या हिवाळ्यात मतदान झालं, तीनचे पाच करायचे का.
सोळा हात वर गेले.
त्यात एक माझ्या मुलीचा, उशीआचा.
तिच्या घराचा हप्ता मला पाठ आहे.
आठवडाभर बोलली नाही माझ्याशी,
नुसती कडीकडे बघायची,
जणू ती मी तिच्याच गळ्यात अडकवलीय.
काय सांगणार तिला?
समुद्र थांबतो एखादं वर्ष, बँक थांबत नाही.
मग आम्ही भाव वाढवून मागितला, एक दलाल कमी केला.
थोडं जमलं.
पुरेसं नाही. थोडं.

ब्रेइशो निघाला तेव्हा मी त्याला बूट दिले,
नवऱ्याचे, त्याला दोन नंबर मोठे.
म्हटलं चल, दहा मिनिटं उरलीत.
त्याने फसत फसत जाऊन, वाकून, एक तिसरी उचलली.
मी कडी धरली.
सरळ आरपार गेली.
तो बघत राहिला, तळहातावर ती घेऊन.
"ठेवू का?"

पाणी घोट्याला लागलं होतं.